योरिस बेटाची हजेरी

झाउडरमार्क संस्थानात एकूण अकरा बेटं होती आणि त्यांतल्या एकावरही माणूस राहत नव्हता. राहणार कसा? दक्षिण ध्रुवाच्या कडेला, कुठल्याच देशाने धड हक्क न सांगितलेल्या किनाऱ्यासमोर ती पसरलेली होती, आणि संस्थानातल्या एकानेही ती डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. राजधानी मात्र ओस्टेंडला होती, मासळी धक्क्यावरच्या एका कॅफेच्या माडीवर. तीही कॅफेवाल्याची मर्जी असेल तेव्हा.

महाराज म्हणजे फिर्मिन. जन्मभर डोव्हरच्या फेरीबोटीवर तिकिटं तपासली, फेरी बंद पडली, आणि पेन्शनीत बसल्या बसल्या त्यांनी राज्य स्थापन केलं. हसायचं असेल तर हसा. पण ओस्टेंडमध्ये म्हाताऱ्या माणसांनी दुसरं करायचं तरी काय? कुणी कबुतरं पाळतं, कुणी पत्ते कुटत बसतं. या मंडळींनी झेंडा शिवला, पदकं पाडून घेतली, छातीवरून तिरके पट्टे घातले आणि मोठमोठ्या सरकारांना खलिते पाठवले. उत्तर एकाचंही आलं नाही. "नाही तर म्हणाले नाहीत ना?" महाराज म्हणत, आणि विषय संपे.

या संस्थानाची एक प्रथा होती. दर जानेवारीत राष्ट्रदिनाला बेटांची हजेरी व्हायची. जिथे रयतच नाही तिथे देश जिवंत आहे हे कळणार कसं? म्हणून महाराज उभे राहून एकेका बेटाचं नाव पुकारत, आणि त्या बेटाचा पालक उठून बेटाच्या वतीने "हजर" म्हणे. नावं सभासदांच्या नाहीतर त्यांच्या माणसांच्या नावावरूनच पडलेली. दिवस जानेवारीतला, कारण तेव्हा तिकडे सूर्य मावळत नाही; आपला देश अंधारात असताना सण कसला करायचा, असं महाराजांचं म्हणणं.

सातवं नाव योरिसचं. त्याची पालक आलिडा.

आलिडाची धक्क्यावर गाडी होती. मोठ्या पातेल्यात समुद्री गोगलगायींचा रस्सा कढत असायचा, मिरपूड घालून कपात ओतून द्यायची. साठी उलटली होती तरी हात झपाझप चालायचे आणि तोंड त्याहून. तिचा एकुलता एक मुलगा योरिस एकोणिसाव्या वर्षी कोळंबीच्या बोटीवरून पाण्यात गेला तो सापडलाच नाही. जाळं ओढताना पाय अडकला म्हणतात. धक्क्यावरच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव आहे. पण दगडावरच्या नावाला कुणी हाक मारत नाही. घरात हाक मारायला दुसरं माणूस उरलं नव्हतं, आणि तिने स्वतःच मारली तर ओ कोण देणार? वर्षातून एकदा त्या माडीवर भरल्या सभेत कुणीतरी खणखणीत आवाजात "योरिस!" म्हणायचं आणि ती ओ द्यायची, "हजर!" त्या एका हाकेसाठी ही बाई वर्षभर रस्सा ढवळायची. हे सगळ्यांना माहीत होतं. ओडिलला तर चांगलंच माहीत होतं.

ओडिल हा संस्थानाचा भूमापन मंत्री. बिनलग्नाचा, सडसडीत, पाइप ओढणारा. नगरपालिकेत गटारांचे नकाशे काढण्यात जन्म गेला आणि निवृत्त झाल्यावर एकदम अकरा बेटं हातात आली. ती त्यानेच शोधली होती. उपग्रहाचे जुने फोटो टेबलावर पसरून किनाऱ्यापासून सुटं असलेलं जे जे पांढरं दिसलं त्यावर गोल केला, दोन वर्षांचे फोटो ताडून पाहिले, आणि जे जागचं हललं नव्हतं ते बेट असं जाहीर केलं. एका बेटाला स्वतःचं नाव दिलं, ओडिल खडक. तो मात्र खरोखरचा काळा कातळ होता, बर्फातून टोक वर काढून बसलेला.

या ओडिलने दोन वर्षांपूर्वी आलिडाला मागणी घातली होती. तीही कुठे, तर तिच्या गाडीपाशी, गिऱ्हाइकं उभी असताना. आलिडा पळी हातात धरून मनापासून हसली. "अरे ओडिल, माझ्या गोगलगायीसुद्धा तुझ्यापेक्षा चपळ आहेत रे!" बाईच्या मनात काळं नव्हतं, पण जीभ सैल ती सैलच. संध्याकाळपर्यंत गोष्ट कॅफेत पोचली, आणि तेव्हापासून माडीवर ओडिलला कुणी मंत्री म्हणेना. सगळे 'नवरदेव' म्हणू लागले. तोही हसायचा. हसायचा आणि मनात ठेवायचा. काही माणसांना राग येतो आणि जातो. ओडिलने डूख धरला होता.

यंदा राष्ट्रदिन तोंडावर आला तेव्हा त्याने दरवर्षीसारखे ताजे फोटो उघडले, आणि सातव्या गोलात काहीच नव्हतं. नुसतं काळं पाणी. त्याने चष्मा पुसला, मागचे फोटो काढले, पुढचे काढले. मग उलगडा झाला. योरिस हे बेट नव्हतंच. तो हिमनग होता. उथळ जागी तळ टेकून वर्षानुवर्षं रुतून बसला होता, आता सुटला आणि उत्तरेला चालता झाला. चूक ओडिलचीच होती.

आता ऐका. शेजारीच बिननावाचा एक पक्का खडक होता. सातवा गोल बोटभर सरकवला असता तर भागलं असतं. कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता, महाराजांना तर नकाशा उलटा धरला तरी कळत नसे. ओडिलच्या मनात हे आलंही होतं. पण त्याने पाइप पेटवला, खुर्चीत रेलला आणि स्वतःला म्हणाला, भूमापन म्हणजे सत्य. सत्य सांगायचं तर सर्वांसमक्ष. वा रे सत्यवादी!

राष्ट्रदिनाला माडी भरली. टेपवर राष्ट्रगीत झालं, येनेवर दारूचे छोटे प्याले फिरले. आलिडा निळा कोट घालून, केस बसवून आली होती. महाराजांनी घसा साफ केला आणि हजेरी सुरू झाली. सहा बेटं हजर झाली.

"योरिस!"

आलिडा उठली. तोंड उघडलं.

"हरकत आहे, महाराज," ओडिल म्हणाला.

"हरकत कसली रे? हजेरीत हरकत असते का?"

"सातवं बेट अस्तित्वात नाही." त्याने भिंतीवर फोटो दाखवले. मागच्या वर्षीचा. या वर्षीचा. "तो बर्फाचा तुकडा होता. वाहून गेला."

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग सेनापती कामिल, जो एरवी खाटीक होता, मांडीवर थाप मारून ओरडला, "अरे बेट पळालं! नवरदेवाला बघून पळालं!"

माडी हास्याने दणाणली. बायका डोळे पुसायला लागल्या हसून हसून. महाराजही हसले; मग आपण महाराज आहोत हे आठवून त्यांनी चेहरा आवळला. "संस्थान जमिनीचं असतं, बर्फाचं नाही. काट मारा. आठवं बेट!"

आलिडा अजून उभीच होती. 'हजर' तिच्या तोंडातल्या तोंडात राहिलं होतं.

"कुठाय आता तो?" तिने विचारलं.

"उत्तरेकडे चाललाय," ओडिल म्हणाला. "तिकडे पाणी कोमट. फुटेल, विरघळेल."

"म्हणजे परत समुद्रात," आलिडा म्हणाली आणि खाली बसली.

हसणारे गप्प झाले. पण येनेवर फिरतच होतं, आणि आठवं बेट हजर झालं, नववं झालं. ओडिलने आपल्या खडकाच्या वेळी खड्या आवाजात "हजर" म्हटलं. त्या रात्री त्याला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप पडली. आलिडा, गाडीवरचा एप्रन तसाच, हातात झाकणाचं भांडं.

"दाखव मला तो," ती म्हणाली.

ओडिलने तिला संगणकाच्या पडद्यासमोर बसवलं. काळ्या पाण्यात नखाएवढा पांढरा ठिपका. ती खुर्ची ओढून इतकी जवळ गेली की तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरली. जाताना म्हणाली, "भांड्यात रस्सा आहे. उद्या येते."

आणि ती रोज यायला लागली. गाडी बंद केली की थेट ओडिलकडे. तिचा कोट खुंटीवर, तिची खुर्ची पडद्यासमोर, तिचा वास खोलीत. ज्या बाईने चारचौघांत हसून घालवलं होतं ती आपल्या पायांनी येत होती. ओडिलने खिडकीचे पडदे धुतले. दोन नवे कप आणले. पाइप मात्र सोडला नाही. मेल्याला लाज वाटायला हवी होती, पण तो सुखात होता. जन्मात झाला नव्हता एवढा.

आलिडा ठिपक्याशी बोलायची नाही, पण ओडिलशी त्याच्याबद्दल बोलायची. "आज जरा अंगाने भरलेला दिसतोय."

"ढगामुळे. ऊन तिरपं पडलं की तसं वाटतं."

"तुला काय रे कळतं? मी आई आहे."

कधी म्हणायची, "लहानपणी असाच. हात सोडला की चालला धक्क्याच्या टोकाला." कधी नुसतीच बसायची. ओडिलला तेही चालायचं.

मार्चच्या मध्याला एका सकाळी ओडिलने फोटो उघडला तर ठिपका नव्हता. होता तिथे नुसता चुरा, पिठाची चिमूट सांडावी तसा. दुसऱ्या दिवशी तोही दिसेना. योरिस संपला.

ओडिलने घड्याळ पाहिलं. योरिसचं त्याला काही नव्हतं. संध्याकाळी ती येईल, बघेल, कोट उचलेल आणि जाईल, आणि मग कुठल्या निमित्ताने येणार? भर सभेत सत्याचा झेंडा लावणारा हा गृहस्थ दुपारभर पडद्यावर दुसरा हिमनग शोधत बसला. सापडला एक. तेवढाच, तसाच, थोडा पश्चिमेला. संध्याकाळी आलिडा आली तेव्हा तिच्या खुर्चीसमोर तो तयार होता.

"आज वेगळा दिसतोय," ती म्हणाली.

"कोपरा तुटला थोडा."

"लागलं असेल," ती म्हणाली, आणि ओडिलने सुटकेचा श्वास टाकला.

पण घाईत निवडलेल्या त्या हिमनगात एक खोट होती. तो हलत नव्हता. तळ टेकून बसलेला होता. आठवडा गेला, दुसरा गेला, आणि एके दिवशी आलिडाने बोट काचेवर ठेवून विचारलं, "ओडिल, हा थांबलाय का रे?"

"हं... तसं दिसतंय खरं."

"पहिल्यासारखाच? टेकलाय?"

"टेकलाय."

ती त्याच्याकडे वळली. तिचा चेहरा असा उजळलेला त्याने कधी पाहिला नव्हता. "मग हे बेटच झालं की! पंधरा वर्षं चाललं ना तसं? मग परत हजेरीत येईल ना?"

नाही म्हणायला जीभ रेटेना. तो म्हणाला, "येईल की. का नाही येणार?"

आलिडा तशीच उठून महाराजांकडे गेली. महाराजांना नाही तरी दहा बेटांचं संस्थान अपुरंच वाटत होतं, शिवाय त्या दिवशी हसल्याची टोचणीही होती थोडी. त्यांनी ताबडतोब फर्मान काढलं. जमीन-बर्फाचा नियम गेला खड्ड्यात, जे थांबतं ते बेट. तिकडे अंधार पडायच्या आत, रविवारी खास हजेरी. भूमापन मंत्र्यांनी फक्त 'तोच आहे' एवढं सभेत म्हणायचं.

आता गंमत बघा. ओडिलने नुसती मान डोलवली असती तरी काम झालं असतं. एकदाच खोटं बोलायचं होतं, आणि ते तर तो रोज बोलतच होता. तोही तसंच ठरवून बसला होता. मनात म्हणत होता, आपणच घालवलं, आपणच परत आणलं. बाई उपकार विसरणार नाही. शनिवारी त्याने केक आणून ठेवला.

आलिडा आली. पडद्यासमोर बसली नाही. कोटही काढला नाही.

"बस ना," तो म्हणाला. "केक आणलाय. मी म्हणत होतो, उद्यानंतरही तू येत जा. फोटो काय, येतच राहतील..."

"उद्यानंतर?" आलिडाने खोलीभर नजर फिरवली. "उद्यानंतर मी कशाला येऊ? पोरगं तुझ्या खोलीत अडकलं होतं म्हणून यायचे. तुला काय वाटलं? रोज इथून गेल्यावर कोट गॅलरीत टांगून ठेवते मी, तुझ्या पाइपचा वास जात नाही त्याचा. तू त्या दिवशी उठून उभा राहिलास ना, तेव्हा तुझ्या तोंडावर हसू होतं, ओडिल. इतरांनी पाहिलं नसेल, मी पाहिलं. तेवढं हसू बघून तुझ्या शेजारी बसायचं म्हणजे अंगावर काटा यायचा. पण काय करणार? तो इथे होता."

हेही काही ती ओरडून बोलली नाही. दार लावून गेली. भांडं घेऊन गेली.

ओडिल केकसमोर बसून राहिला. तिचं म्हणणं खोटं होतं का? अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि म्हणूनच तो चिडून पेटला. खरं ऐकून सुधारणारी माणसं वेगळी असतात.

रविवारी माडी गच्च भरली. कामिल सेनापतीने पोशाखाला इस्त्री केली होती. टेबलावर आलिडाने सगळ्यांसाठी रश्श्याचं पातेलं आणून ठेवलं होतं, आणि आज सगळे तिच्याशी अदबीने बोलत होते. महाराज उभे राहिले.

"भूमापन मंत्री, बेट तेच आहे ना?"

ओडिल काही बोलला नाही. महाराजांना वाटलं, झालं. त्यांनी छाती भरून पुकारलं, "योरिस!"

आलिडा उठली.

"हरकत आहे," ओडिल म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही.

"तो योरिस नाही," ओडिल म्हणाला. त्याचा आवाज एकसारखा होता, जसा काही पालिकेत गटाराची पातळी वाचून दाखवतोय. "योरिस मार्चमध्येच फुटला. चुरा झाला. हा दुसराच कुठला तरी आहे. आलिडाबाई गेले कित्येक दिवस परक्याच बर्फासमोर बसून रडत होत्या."

पातेल्याच्या झाकणाखालून वाफ निघत होती. आलिडा कोसळली नाही, रडली नाही. तिने दोन्ही हात टेबलावर टेकले. ओडिल तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याला हवं होतं ते तिथे दिसलं. मग मात्र त्यालाच बघवेना.

"आणि तिला दाखवलास तूच?" कामिलने विचारलं.

"तीच यायची रोज. मी बोलवायला गेलो नव्हतो."

"कुत्र्या!" कामिल म्हणाला. खाटकाच्या तोंडून तो शब्द जड येतो.

महाराज फिर्मिन मठ्ठ होते, पण तिकिटं तपासताना त्यांनी माणसं पुष्कळ पाहिली होती. ते ओडिलकडे वळले. "ओडिल खडक दगडाचा आहे का?"

"आहे."

"हलत नाही? वितळत नाही? विचार करून सांग, भूमापन मंत्री."

"पक्का कातळ आहे."

"छान. तुझ्याच तोंडचं आहे. आजपासून तो ओडिल खडक नाही. त्याचं नाव योरिस." त्यांनी दम घेतला आणि पुन्हा पुकारलं, "योरिस!"

सगळ्यांनी आलिडाकडे पाहिलं. कुणीतरी टाळीही वाजवली. आता ती 'हजर' म्हणेल, आपण सगळे उभे राहू, रस्सा पिऊ, आणि पाप धुतलं जाईल असं जो तो मनात म्हणत होता.

आलिडाने पातेल्याचं झाकण नीट बसवलं. "याच्या दगडावर माझं पोरगं नको," ती म्हणाली. "समुद्रात आहे तेच बरं." तिने पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि जिना उतरून गेली. दार उघडायला उठायचंही कुणाला सुचलं नाही.

खडकाला मग नावच राहिलं नाही. पुढच्या जानेवारीत नऊ बेटांची हजेरी झाली म्हणतात. ओडिलला कुणी काढलं नाही, पण बोलावलंही नाही. नवरदेव म्हणून चिडवायलाही कुणी उरलं नाही. धक्क्यावर लोक त्याच्याशी बोलेनासे झाले, कबुतरवालेसुद्धा.

त्या रविवारनंतर त्याने कसेबसे दोन महिने काढले, आणि मग एका दुपारी आलिडाच्या गाडीपाशी रांगेत जाऊन उभा राहिला. काय म्हणायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. माफी मागणार होता कदाचित; कदाचित नुसता रस्सा मागणार होता. तिने शिव्या दिल्या असत्या तर घेतल्या असत्या, पळी मारली असती तर खाल्ली असती. रांग सरकली. पुढची बाई कप घेऊन बाजूला झाली आणि तो समोर आला, पातेल्याची वाफ तोंडावर येईल इतका जवळ.

आलिडाने पळी उचलली आणि त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

"पुढे कोण आहे?"

"मी आहे, आलिडा," ओडिल म्हणाला.

मागच्या माणसाने हात लांब करून कप घेतला. आलिडाने त्यात मिरपूड घातली, सुटे पैसे मोजून दिले, हात एप्रनला पुसले.

"पुढे कोण आहे?"

"मी," तो म्हणाला. "मी आहे ना इथे."

त्याच्या मागची माणसं त्याला वळसा घालून एकेक पुढे येत राहिली, आणि ती एकेकाला रस्सा देत राहिली.